चर्र

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला होता. वसईतून नाहीशा झालेल्या गोष्टींची ती एक यादीच होती म्हणा ना. भाताची खाचरे, तुडुंब भरलेली बावखले, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, पानवेलींचे मांडव असे एकेक आठवत मी शेवटी रातकिड्यांपाशी येऊन थांबलो होतो. संध्याकाळी ओट्यावर बसावे, तर आता एकही रातकिडा ऐकू येत नाही. ज्या शेतांनी त्यांना पोसले त्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, मग त्या बिचाऱ्यांनी राहावे तरी कुठे, असा त्या लेखाचा शेवट होता. लेख पुष्कळांना आवडला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर दोघातिघांनी थांबवून माझा हात हातात घेतला. एका वृद्ध गृहस्थांनी तर डोळे पुसले.

त्या लेखातली बाकीची यादी खरी होती. रातकिड्यांविषयीचे वाक्य मात्र खोटे होते. ते मी जाणूनबुजून लिहिले नव्हते, एवढीच काय ती माझी बाजू. त्या चुकीची कबुली देण्यासाठी आज लिहायला बसलो आहे, आणि ती कबुली एका इंग्रजी शब्दाच्या वाटेने जाते, म्हणून आधी त्या शब्दाविषयी.

शब्द अगदी लहान आहे. सी, एच, यू आणि पुढे दोन आर. मी त्याचा उच्चार 'चर्' असा करीत आलो. न थांबता, एका सुरात, थरथरत चालणारा आवाज, विशेषतः नाइटजार नावाच्या पक्ष्याचा किंवा एखाद्या कीटकाचा, असा त्याचा अर्थ कोशांत मिळतो. त्याची एक सख्खी बहीण आहे; मधला यू काढून तिथे आय घातला की ती होते. ती नाकतोड्यांच्या आणि रातकिड्यांच्या वाट्याला आली आहे. चाकांच्या आणि पंखांच्या भिरभिरीला तिसराच शब्द आहे, 'व्हर्र'. अर्थ आधी आणि आवाज नंतर, अशी ही मंडळी नाहीत. आवाज हाच त्यांचा अर्थ.

शाळेत मी ३५ वर्षे इंग्रजी शिकवले. त्या काळात केव्हातरी एका उताऱ्यात हा शब्द आला. मी अर्थ फळ्यावर लिहिला आणि पुढे जाऊ लागलो, तोच मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, चर् म्हणजे नेमका कसा आवाज?"

"रातव्याचा. रात्री ओरडणारा पक्षी असतो तो."

"तुम्ही ऐकलाय, सर?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "पुढचं वाक्य वाच." प्रश्न टाळण्यासाठी आम्हा शिक्षकांजवळ जी ठेवणीतली वाक्ये असतात, त्यांपैकी ते एक. मी रातवा ऐकला नव्हता. आवाजाची नक्कल करणारा शब्द मी मुलांना शिकवत होतो आणि ज्याची ती नक्कल, तो आवाज माझ्या कानांवरून कधी गेलाच नव्हता.

त्या मुलीचा प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्यामागून आला. मराठीत नेमका शब्द कोणता, म्हणून मी शोधू लागलो. कानाला सर्वांत जवळचा 'चर्र'. पण मनाला तो किती दूरचा! आपले चर्र होते ते तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर, किंवा एखादी वाईट बातमी ऐकून काळजात. इंग्रजाच्या चर्मध्ये उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ आहे. आपल्या चर्रमध्ये चटका आहे. रातकिड्यांसाठी आपल्याकडे 'किर्र' आहे, पण त्यानेही आपले घर सोडले आहे. किर्र रान, किर्र काळोख असे आपण म्हणतो तेव्हा रातकिडा मागे राहतो आणि नुसता अंधार डोळ्यांपुढे उभा राहतो. एका कानाने ऐकलेले शब्द मराठीत डोळ्यांचे झाले, काळजाचे झाले.

तरी या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे शेवटचा दुहेरी र. भुर्र, सर्र, टर्र, खर्र, किर्र, चर्र. जोडून आलेला र म्हणताना जीभ आपण हलवीत नाही. तिचे टोक टाळूजवळ धरून ठेवायचे, आतून बाहेर येणारी हवा ते टोक सेकंदाला सुमारे २५ वेळा फडफडवते. दाराला लावलेला कागद वाऱ्याने थरथरावा तसे. इतक्या वेगाने पडणारे ठोके कानाला सुटे मोजता येत नाहीत. त्यांची एक सलग घरघर होते. पक्ष्याच्या आणि किड्याच्या आवाजाचे मर्मही हेच. तेव्हा र्र हे त्या आवाजाचे केवळ चित्र नव्हे. आपल्या तोंडात तोच व्यापार लहान प्रमाणात घडत असतो.

पुढे मुंबईला फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना गिल्बर्ट व्हाइटचे सेल्बोर्नवरचे पुस्तक हाती लागले. व्हाइट (१७२०–१७९३) हा दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातल्या सेल्बोर्न या खेड्यातला अँग्लिकन धर्मगुरू. आपल्या गावचे पक्षी, किडे, पाऊस आणि बर्फ यांविषयी त्याने आपल्या अभ्यासू स्नेह्यांना पत्रे लिहिली आणि १७८९ साली त्यांचे पुस्तक झाले. त्यात माझा शब्द मला जागोजागी भेटला. नाइटजारला तिथले लोक फर्न-आउल, चर्न-आउल, ईव्ह-जार अशा नावांनी ओळखीत. जमिनीत बिळे करणाऱ्या एका रातकिड्याला त्यांनी ईव्ह-चर् म्हटले होते, कारण त्याचा मंद, सलग आवाज त्या पक्ष्यासारखाच येई. पक्षी आणि किडा यांना गावाने एकाच आवाजाच्या दावणीला बांधले होते.

व्हाइटने एक प्रसंग सांगितला आहे. गावामागच्या टेकडीवर गवताने शाकारलेली एक लहानशी झोपडी होती; तिथे तो आणि त्याचे सोबती चहा घेत बसले होते. झोपडीच्या माथ्यावर एक क्रूस होता. त्यावर एक नाइटजार येऊन बसला आणि बराच वेळ आपला सूर लावून राहिला. जेमतेम ओंजळीत मावेल एवढा तो जीव, पण त्याच्या कंठाच्या कंपाने सगळी झोपडी थरथरत असल्याचे आतल्या मंडळींना जाणवले आणि ती चकित झाली. हा पक्षी दिवस मावळताच नेमका गाऊ लागतो, हेही त्याने टिपले आहे. पोर्ट्समथ बंदरावरची संध्याकाळची तोफ वारा पडलेला असताना सेल्बोर्नपर्यंत ऐकू येई. तिच्या आवाजासरशी पक्ष्याने सुरुवात केल्याचे त्याने एकदोनदा नव्हे, त्याहून अधिक वेळा ऐकले होते.

या गरीब पक्ष्यावर लोकांनी पूर्वापार आळ घेतला. रात्री तो शेळ्यांचे दूध पितो, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'शेळ्या पिळणारा' असा आहे. सेल्बोर्नकडचे शेतकरी वासरांच्या एका रोगाचे खापर त्याच्यावर फोडीत. व्हाइटने शांतपणे सांगितले की, पक्षी निरुपद्रवी आहे, तो रात्रीचे किडे खाऊन जगतो. वासरांच्या पाठीत अळ्या होतात त्या एका माशीमुळे. हे मी वाचले, पेन्सिलीने खूण केली आणि पान उलटले. ती खूण माझ्यासाठीच होती हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

आमची मुलगी साउदॅम्प्टनला परिचारिका आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. पहिल्याच रात्री नातू उठून माझ्या खाटेपाशी आला.

"आजोबा, तो आवाज बंद करा ना. मला झोप येत नाही."

"कसला आवाज, बाळा?"

"बाहेर मशीन चालू आहे." आणि त्याने दातांवर जीभ ठेवून एक बारीक, तीक्ष्ण आवाज काढून दाखवला. त्याला किर्र हा शब्द ठाऊक नव्हता. त्याने स्वतःचाच एक शब्द घडवला होता.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर सारे शांत होते. इतक्यात मागून पत्नीचा आवाज आला, "रातकिडे आहेत रे ते. झोप तू."

मी वळून तिच्याकडे पाहिले. "तुला ऐकू येतात?"

"रोज येतात."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमचा लेख सगळ्यांना इतका आवडला होता."

काळजात चर्र होणे म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. रातकिडे गेले नव्हते. माझे कान गेले होते. गेली दोन वर्षे ती स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का?" अशी हाक मारी, आणि मी आलो नाही की पदराला हात पुसत स्वतःच बाहेर येई. हल्ली ही फार हळू बोलते, अशी माझी तक्रार होती. शेजाऱ्यांचा मुलगा तोंडातल्या तोंडात बोलतो, दूरदर्शन संचाचा आवाज बिघडला आहे, चर्चमधला ध्वनिक्षेपक नीट लावत नाहीत. सगळ्यांचे काही ना काही बिघडले होते, फक्त माझे नव्हते.

कानांची तपासणी झाली. एका बंद खोलीत कानांवर यंत्र लावून मला निरनिराळ्या पट्टीतले सूर ऐकवले. तो आलेख अजून माझ्याजवळ आहे. डावीकडे तो बऱ्यापैकी सपाट चालतो आणि उजवीकडे डोंगराच्या कड्यासारखा खाली कोसळतो. माणसाच्या एकेका कानात आवाज टिपणाऱ्या, सूक्ष्म केसांच्या सुमारे १५,००० पेशी असतात. वय वाढते तशा त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा जातात त्या उंच पट्टीच्या. तरुण कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे सूर ऐकू येतात. पुष्कळशा रातकिड्यांचा सूर ४,००० कंपनांच्या वर असतो. म्हणून म्हातारपणी माणसांचे बोलणे अर्धेमुर्धे कळत राहते आणि रातकिडा मात्र निरोप न घेता निघून जातो. पक्ष्यांच्या कानांत या पेशी पुन्हा तयार होतात, असे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात आढळले. रातव्याला जे मिळाले, ते मला नाही.

श्रवणयंत्र आणले आणि मी ते कपाटाच्या खणात ठेवून दिले. कारण सांगायला लाज वाटते. कानात यंत्र घालून चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचे, तर लेख आवडलेली मंडळी काय म्हणतील?

त्या दिवसांत व्हाइटचे पुस्तक पुन्हा काढले. पूर्वी नजरेतून निसटलेला एक मजकूर या वेळी सापडला. व्हाइटला बहिरेपणाचे झटके येत. तसे झाले की मे महिना आपल्याला ऑगस्टइतकाच मुका होतो, निसर्गाचा अभ्यासक म्हणून आपण निम्मे निकामी होतो, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. मे महिन्यात पक्षी गायचे थांबले, असे त्याने लिहिले नाही. आपल्याला ऐकू येईनासे झाले, असे लिहिले. दोन वाक्यांमध्ये फरक तो केवढा! त्याच्याइतकेच एक साधे वाक्य मला लिहिता आले नव्हते.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघे मुलीकडे गेलो. साउदॅम्प्टनच्या पश्चिमेला न्यू फॉरेस्ट नावाचा मोठा वनप्रदेश आहे. त्यात झाडीच्या मध्ये मध्ये खुरट्या झुडपांची मोकळी माळराने आहेत. आफ्रिकेत हिवाळा काढून नाइटजार मे महिन्यात तिथे येतात. मुलीचा एक इंग्रज सहकारी पक्ष्यांचा शौकीन होता. तो आम्हाला एका संध्याकाळी घेऊन गेला. वाटेत मी त्याला माझा शब्द म्हणून दाखवला. त्याला कळेना. मी अक्षरे सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "अच्छा, 'चऽ'!" मी पुन्हा म्हणायला सांगितले. पुन्हा 'चऽ'. दोन आरांपैकी एकही त्याच्या तोंडून बाहेर आला नाही. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरामागून येणारा र, पुढे स्वर नसेल तर, उच्चारीतच नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो शिष्ट बोलण्यातून गळत गेला. व्हाइटच्या गावच्या खेडुतांच्या तोंडी तो होता. आज आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दातून आवाजच निघून गेला आहे आणि लिपीत तेवढी दोन अक्षरे उभी आहेत. मला त्या शब्दाविषयी एकाएकी आपुलकी वाटली. माझेही तसेच झाले होते. 'किर्र' मला लिहिता येत होता, त्यावर लेख रचता येत होता, फक्त ऐकू येत नव्हता.

सूर्य मावळायलाच सव्वानऊ वाजले. आम्ही एका कुंपणाला टेकून उभे राहिलो. श्रवणयंत्र खणातच, वसईला. पाऊण तास काही घडले नाही. उजेड राखी होत गेला, पाइनची झाडे काळी झाली. मग पत्नीने माझ्या दंडाला हलकेच हात लावला.

"अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," मी म्हणालो.

खरोखरच ऐकले होते. नाइटजारचा सूर रातकिड्यांपेक्षा पुष्कळ खालच्या पट्टीतला. माझ्या कानांचा जेवढा भाग शाबूत आहे, त्यात तो बसला. दूरवर कुणी सूत कातीत बसावे तसा तो आवाज येत होता. मिनिटभर एका सुरात, मग जरासा खाली उतरून, पुन्हा वर. श्वास घ्यायलाही तो थांबत नाही असे वाटावे. मध्येच तो तुटला, पंखांची टाळी वाजल्यासारखे झाले आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरू झाला. पक्षी दिसला नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे उभे होतो.

परतताना गाडीत मी आनंदात होतो. जवळजवळ असेही वाटले की माझे कान तितकेसे वाईट नाहीत. पण पत्नी मागच्या आसनावरून काहीतरी बोलली आणि मला ते कळले नाही. मुलीने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी काही न ऐकताच "हो, हो" म्हटले होते.

वसईला आल्यावर मी खण उघडला. यंत्र घातले तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो वर्तमानपत्राचा खळखळाट, मग माझ्याच चपलांची फरफट, मग पत्नीच्या बांगड्या. त्या बांगड्या इतकी वर्षे वाजत होत्या. रात्री ओट्यावर बसलो. पाऊस नुकताच थांबला होता. आणि रातकिडे होते! शेताचा मागमूस नव्हता, तरी होते. शेजारच्या इमारतीच्या कुंपणात, गटाराच्या कडेला, तुळशीच्या आणि गुलाबाच्या कुंड्यांमागे. यंत्रातून त्यांचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा कर्कश येत होता. पूर्वीचा तो नव्हे. पण व्हाइटने शेतातल्या रातकिड्यांविषयी लिहिताना म्हटले आहे की, आवाज आपल्याला आवडतो तो त्याच्या गोडव्यामुळे नव्हे, त्याच्याशी जडलेल्या आठवणींमुळे. त्या पत्र्याच्या आवाजात मला माझ्या आईचे अंगण दिसले.

शेते गेली, हे खोटे नाही, आणि त्यांचे दुःखही खोटे नाही. पूर्वीइतके रातकिडे आज नसतीलही. पण जे आहेत त्यांना मी जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती. स्मरणिकेच्या संपादकांकडे दुरुस्ती पाठवली आहे. आता मिस्सेला मी पहिल्या रांगेत बसतो. यंत्र सगळ्यांना दिसते. लेख वाचून डोळे पुसणाऱ्या त्या गृहस्थांनी परवा हळूच विचारले, "कितीला पडलं?" मला वाटते, त्यांनाही रातकिडे ऐकू येत नसावेत.

आणखी एक दुरुस्ती राहिली आहे. मधल्या बाकावरची ती मुलगी आता मोठ्या मुलांची आई झाली असेल. हे पान तिच्या हाती पडलेच, तर तिच्यासाठी: हो, बाई, ऐकला. दुपारी शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवीत असते, दोरा तुटेपर्यंत पाय थांबत नाही, आणि आपण भिंतीच्या अलीकडे पडून असतो, अगदी तसा.